पुतळा कुणाचा हे पाठ आहे, पण घडवला कुणी?

बाबासाहेबांना आपण 'घटनेचे शिल्पकार' म्हणतो. प्रत्येक भाषणात आणि बॅनरवर हा शब्द असतो. पण बाबासाहेबांचे शिल्प घडवणारे शिल्पकार कोण, असे विचारले की कार्यकर्ते एकमेकांकडे बघायला लागतात. संसदेच्या आवारातल्या पुतळ्याचे अनावरण २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी केले, हे काहींना सांगता येते. तो ब्रह्मेश वाघ यांनी घडवला, हे सांगणारा क्वचितच भेटतो. कोल्हापूरच्या बिंदू चौकात १९५० साली, म्हणजे बाबासाहेब हयात असताना, भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने त्यांचा आणि जोतिबांचा पुतळा बसला. तिथेही बागलांचे नाव राहिले आणि शिल्पकार बाळ चव्हाण मागे पडले.

डिसेंबर २०२५ मध्ये वयाची शंभरी ओलांडून राम वनजी सुतार नोएडात गेले. त्यांच्या बातम्या वाचताना हेच डोक्यात होते. बहुतेक मथळे सरदार पटेलांच्या १८२ मीटरचे होते. माणूस मात्र त्या उंचीखाली झाकला गेला.

१९ फेब्रुवारी १९२५ रोजी धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावी त्यांचा जन्म झाला. वडील सुतारकाम करायचे. बलुतेदाराचे घर. गावगाड्याने ज्याच्या हाताकडून नांगर, बैलगाडी, दाराची चौकट करून घेतली आणि बदल्यात सुगीला धान्य टाकले, त्या घरातला हा मुलगा. जोशी नावाच्या शिक्षकांनी त्याचा हात ओळखला आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. १९५३ साली तिथले मेयो सुवर्णपदक त्यांना मिळाले. जातिव्यवस्था हे श्रमाचे नव्हे तर श्रमिकांचे विभाजन आहे, असे बाबासाहेबांनी मांडले. ते समजायला सुतारांचे उदाहरण घ्यावे. तोच हात, तेच हत्यार. गावात राहिला तर बलुतं, कॉलेजात गेला तर कला. मधे एक शिक्षक आणि शाळा आली म्हणून हे घडले. ज्यांच्या वाट्याला ती आली नाही, अशा किती सुतार-लोहारांच्या पोरांचे हात गावातच झिजले असतील?

पुढची चार वर्षे आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची आहेत आणि त्यांच्यावर सगळ्यात कमी लिहिले गेले. १९५४ ते १९५८ या काळात सुतार पुरातत्त्व खात्यात होते आणि अजिंठा-वेरूळच्या लेण्यांतल्या भग्न शिल्पांच्या दुरुस्तीवर काम करत होते. बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली ती याच काळात, १९५६ ला. म्हणजे इकडे लाखो लोक बुद्धाकडे येत होते आणि तिकडे हा तरुण बुद्धाच्या काळाने मोडलेल्या लेण्यांत छिन्नी घेऊन बसला होता. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातला शिलालेख वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे नाव सांगतो. दान देणारा कळतो. पाषाण फोडणारा कळत नाही. दीड हजार वर्षे झाली, कोनशिलेची पद्धत काही बदललेली नाही.

सरकारी नोकरी सोडून सुतारांनी स्वतंत्र काम सुरू केले. गांधीसागर धरणावर चंबळ नदीची ४५ फुटी मूर्ती त्यांनी घडवली. आई चंबळ, आणि तिची दोन मुले म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. नेहरूंना ते काम आवडले आणि भाक्रा धरण बांधणाऱ्या मजुरांचे ५० फुटी ब्राँझ स्मारक करण्याचे ठरले. ते उभे राहिलेच नाही. पटेलांच्या पुतळ्याच्या प्रकल्पाला सुमारे ३ हजार कोटी मिळाले आणि केवडिया परिसरातले आदिवासी जमिनीसाठी भांडत राहिले. मजुरांचे स्मारक मात्र कागदावर राहिले. यात दोष शिल्पकाराचा नाही. पण कोणाची उंची वाढवायची हे कोण ठरवते, ते यातून दिसते.

सुतार आंबेडकरवादी होते, असा दावा मी करणार नाही. त्यांनी सर्वाधिक नाव कमावले ते गांधींच्या शिल्पांवर. संसदेतला बसलेला गांधी त्यांचाच. तरीही १४ एप्रिल २०२३ ला हैदराबादेत उभे राहिलेले १२५ फुटी बाबासाहेब त्यांचे, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये बसलेला १९ फुटी पुतळा त्यांचा, आणि इंदू मिलचा ३५० फुटी पुतळाही त्यांच्याच कार्यशाळेतला.

इंदू मिलची जागा कोणी दिलेली नाही. ६ डिसेंबर २०११ ला आनंदराज आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली कार्यकर्ते आत घुसले, तेव्हा ती मिळण्याची वाट मोकळी झाली. मग २०१५ ला भूमिपूजन, आणि २०२० ला पुतळ्याची उंची २५० वरून ३५० फूट. तेव्हाच प्रकाश आंबेडकरांनी हा पैसा वाडिया रुग्णालयाला द्या, असे म्हटले होते. त्यावर आपल्यातलेच काही चिडले. मला तो प्रश्न योग्य वाटला होता आणि आजही वाटतो.

याचा अर्थ पुतळे नकोत असा नाही. घाटकोपरच्या रमाबाई नगरातला पुतळा काही शेकडो फुटांचा नव्हता. ११ जुलै १९९७ ला त्याच्या विटंबनेनंतर झालेल्या गोळीबारात १० जण गेले. आमची आष्टी १९४२ च्या हुतात्म्यांची म्हणून ओळखली जाते, स्मारकाची किंमत इथे कोणाला शिकवावी लागत नाही. पण तालुक्यात पुतळ्याच्या बैठकीला बसलो की पहिला विषय फुटांचा असतो, दुसरा उद्घाटक कोण याचा. चेहरा जमतो का, धातू कोणता, वजन पेलेल का, घडवणाऱ्याचा अनुभव किती, हे कोणी विचारत नाही. मालवणला ऑगस्ट २०२४ मध्ये शिवरायांचा पुतळा नऊ महिन्यांतच कोसळला. नवा घडवायला शेवटी सुतारांकडेच जावे लागले.

इंदू मिलचे काम आता त्यांचे चिरंजीव अनिल सुतार पुढे नेत आहेत. अनावरणाच्या दिवशी कोनशिलेवर मंत्र्यांच्या नावांची रांग लागेलच. त्या कोनशिलेवर राम वनजी सुतार हे नाव, आणि जागेसाठी लढलेल्या कार्यकर्त्यांचा उल्लेख कोरला जावा, अशी लेखी मागणी आपल्या संघटनांनी आतापासूनच पाठवायला घ्यावी.