कपाळाच्या कातडीचे नाक

तुटलेले नाक माणसाच्या स्वतःच्या कातडीतून पुन्हा घडवण्याची रीत सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात आली आहे. नाकाच्या मापाचे पान घ्यायचे, तेवढी कातडी गालावरून सोडवायची, खरवडलेल्या जागी बसवायची आणि श्वासासाठी दोन नळ्या ठेवायच्या, असा तो विधी आहे. पुढे गालाऐवजी कपाळाची कातडी वापरली जाऊ लागली. या दुसऱ्या रीतीचे जगभर गाजलेले वर्णन पुण्याकडचे आहे.

कावसजी नावाचा मराठा शेतकरी इंग्रजी फौजेत बैल हाकण्याच्या कामाला होता. १७९२च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत पडला आणि तिथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४मध्ये ही हकिगत चित्रासह छापली. रुग्णाचे नाव त्यात आहे, अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिलेल्या इंग्रज डॉक्टरांचीही नावे आहेत. ज्याच्या हाताने हे काम केले, त्याचे नाव मात्र कोणी टिपले नाही. शस्त्रक्रियेच्या इतिहासातली ही उणीव मोठी आहे.

त्याची कृती अशी. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकारात वळवून थोटकावर बसवायचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ ओढायची. रेघेच्या आतली कातडी सोलून काढायची, पण दोन डोळ्यांमधली एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवायची. सारे यश या पट्टीवर अवलंबून असे, कारण कातडी नव्या जागी धरेपर्यंत रक्त तिच्यातूनच येई. थोटकाची जुनी कड कापून ताजी केली जाई, कातडी अर्धी पिळून खाली आणून तिथे पाडलेल्या खाचेत बसवली जाई. वरून पाण्यात मऊ केलेला काथ लावलेल्या पाच-सहा कापडी पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडवलेले कापड. दहाव्या दिवसापासून नाकपुड्यांत मऊ चिंध्या, म्हणजे भोके बुजत नसत. सुमारे पंचविसाव्या दिवशी जोडपट्टी कापली जाई.

युरोपात बोलोन्याच्या तालियाकोत्सीने १५९७च्या ग्रंथात दंडाची कातडी वापरण्याची पद्धत मांडली होती. तिच्यात रुग्णाचा हात कित्येक दिवस चेहऱ्याशी बांधून ठेवावा लागे. भारतातल्या रीतीत हा छळ नव्हता. लंडनच्या जोसेफ कार्प्यूने ती आधी मृतदेहांवर करून पाहिली, १८१४मध्ये रुग्णावर यशस्वी केली आणि १८१६मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. युरोपात शस्त्रक्रियेसाठी भूल देणे तेव्हा सुरू झालेले नव्हते. बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफेचा नाक घडवण्यावरचा ग्रंथ १८१८चा आहे. जुनागढचे डॉ. त्रिभुवनदास शाह यांनीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कपाळाच्या कातडीने अनेकांची नाके घडवली.

आज कर्करोगामुळे नाकाचा मोठा भाग गेला, तर प्लास्टिक सर्जन कपाळाचीच कातडी घेतात. भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर जाणारी रोहिणी जोडपट्टीत, म्हणजे देठात, राखली जाते. आधाराला कानाची किंवा बरगडीची कूर्चा घालतात, आतल्या अस्तराची सोय वेगळी करतात आणि बहुधा तीन आठवड्यांनी देठ कापतात.