पायथन वेब-ॲप्लिकेशनचे डिप्लॉयमेंट : सर्व्हर आणि आज्ञावली यांच्यातील सीमारेषेचा इतिहास

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या इतिहासात भाषांना, यंत्रांना आणि त्यांच्या निर्मात्यांना जे स्थान मिळाले, ते लिहून पूर्ण झालेली आज्ञावली लोकांच्या वापरासाठी सर्व्हरवर बसविण्याच्या कामाला मिळालेले नाही. या कामाला व्यवहारात ‘डिप्लॉयमेंट’ म्हटले जाते. ते तंत्रज्ञाचे हातकाम आहे, त्यात विचार करण्यासारखे काही नाही, असा समज आहे. प्रयोगशाळेतील संगणकावर विद्यार्थ्याचा प्रकल्प चालला की तो पूर्ण झाला असे मानण्याची प्रथाही याच समजातून आली आहे.

पायथन भाषेच्या संदर्भात ही उपेक्षा विशेष खटकते. ॲमस्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत काम करताना गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये या भाषेची पहिली आवृत्ती प्रसृत केली. भाषा सुबोध, वाचनीय आणि शिकण्यास सोपी होती. असे असूनही तिच्यात रचलेले संकेतस्थळ प्रत्यक्ष चालविणे दीर्घकाळ कष्टाचे राहिले आणि त्याच काळात पीएचपी ही भाषा स्वस्त होस्टिंगच्या बळावर सर्वदूर पसरली. या विरोधाभासाचे कारण भाषेच्या गुणदोषांत शोधले तर हाती फारसे लागत नाही. सर्व्हरचे काम कोठे संपते आणि आज्ञावलीचे कोठे सुरू होते, हा प्रश्न पायथनच्या जगात अनेक वर्षे अनिर्णित होता. प्रस्तुत लेखात त्या सीमारेषेचा मागोवा घेतला आहे.

सीजीआय व मॉड-पायथन

१९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रातील वेब-सर्व्हरच्या निमित्ताने कॉमन गेटवे इंटरफेस, म्हणजेच सीजीआय, हा संकेत रूढ झाला. त्याची रचना अत्यंत साधी होती. वाचकाची विनंती आली की सर्व्हरने एक नवी प्रोसेस सुरू करावी, विनंतीचा तपशील ‘रिक्वेस्ट मेथड’, ‘क्वेरी स्ट्रिंग’ अशा नावांच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून तिला द्यावा आणि तिने छापलेले उत्तर वाचकाकडे पाठवावे. आज्ञावली कोणत्या भाषेत आहे, याच्याशी सर्व्हरला कर्तव्य नव्हते. सीमारेषा स्वच्छ होती, पण तिची किंमत जबर होती. प्रत्येक विनंतीसाठी पायथनचा इंटरप्रिटर नव्याने सुरू होई, सर्व मॉड्यूल पुन्हा वाचली जात, डेटाबेसशी जोडणी पुन्हा केली जाई आणि उत्तर देताच हा सारा संसार मोडला जाई.

यावरील स्वाभाविक उपाय म्हणजे इंटरप्रिटर सर्व्हरच्या पोटातच बसविणे. ग्रेगरी ट्रुबेट्स्कॉय यांनी २००० च्या सुमारास अपाची सर्व्हरसाठी रचलेल्या मॉड-पायथनने हेच केले. वेग कितीतरी वाढला, मात्र सीमारेषा पुसली गेली. मॉड-पायथन पायथनच्या ज्या आवृत्तीसह बांधलेले असे, तीच आवृत्ती त्या सर्व्हरवरील सर्वांना वापरावी लागे. सर्वांची आज्ञावली अपाचीच्याच वापरकर्त्याच्या अधिकारात चाले. शिवाय पायथनचे मॉड्यूल एकदा स्मृतीत गेले की तेथेच राहते, त्यामुळे फाइल बदलली तरी सर्व्हर पुन्हा सुरू करेपर्यंत जुनेच वर्तन दिसत राही. पीएचपीत प्रत्येक विनंतीनंतर पाटी कोरी होत असे. नवी फाइल चढविली की काम संपले. एकाच यंत्रावर शेकडो ग्राहकांची संकेतस्थळे ठेवणाऱ्या होस्टिंग व्यावसायिकाने या दोहोंपैकी पीएचपी निवडली, यात नवल नाही. शुद्ध भाषाप्रेमातून पीएचपीला नावे ठेवणाऱ्यांनी हा व्यावहारिक पैलू क्वचितच लक्षात घेतला.

डब्ल्यूएसजीआय : एक करार

२००३ पर्यंत पायथनमध्ये वेब-फ्रेमवर्कची उणीव नव्हती. झोप, वेबवेअर, क्विक्सोट, ट्विस्टेड अशी अनेक नावे होती. अडचण विपुलतेचीच होती. फ्रेमवर्क निवडले की त्याला चालणारे मोजकेच सर्व्हर उरत आणि सर्व्हर निवडला की फ्रेमवर्कचे पर्याय आटत. जावाच्या जगात सर्व्हलेट या समान संकेतामुळे ही कोंडी निर्माण झाली नव्हती. फिलिप जे. इबी यांनी ७ डिसेंबर २००३ रोजी पेप-३३३ या क्रमांकाने मांडलेल्या प्रस्तावात जावाच्या या उदाहरणाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या प्रस्तावाचे नाव वेब सर्व्हर गेटवे इंटरफेस, म्हणजेच डब्ल्यूएसजीआय.

या संकेताचा आवाका थक्क करण्याइतका लहान आहे. ॲप्लिकेशन म्हणजे दोन गोष्टी स्वीकारणारे एक फंक्शन : पहिली, विनंतीचा तपशील असलेला कोश आणि दुसरी, उत्तराची स्थिती व शीर्षके कळविण्यासाठी सर्व्हरने दिलेले फंक्शन. उत्तराचा मजकूर तुकड्यातुकड्यांनी परत करावयाचा. एवढेच. कोशातील नावेही नवी घडविली नाहीत, ती सीजीआयमधून जशीच्या तशी घेतली. मानकीकरणाच्या इतिहासात नव्या संकेताने जुन्याचा शब्दसंग्रह पुसून टाकण्याची हौस पुष्कळदा दिसते, येथे ती नाही. इबी यांनी आणखी एक फ्रेमवर्क लिहून स्पर्धेत उतरण्याऐवजी सर्व स्पर्धकांना मान्य होईल असा किमान करार मांडला, आणि नेमके हेच त्यांचे योगदान अधिक टिकाऊ ठरले.

कराराची गरज किती खरी होती, हे अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या छोट्या शहरात दिसते. तेथील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या वेब-विभागात एड्रियन होलोवाटी व सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये पीएचपी सोडून पायथनचा अवलंब केला. त्यातूनच जँगो हे फ्रेमवर्क आकाराला आले व जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. बातमीच्या वेळेशी बांधलेल्या या कार्यालयात संकेतस्थळ मॉड-पायथनवर चाले. मात्र त्यावर पूर्ण विसंबणे नको, म्हणून विनंती व उत्तर यांचे स्वतंत्र ऑब्जेक्ट रचून मध्ये एक पातळ भिंत घालण्यात आली होती. पुढे डब्ल्यूएसजीआय आल्यावर हीच भिंत कामी आली.

करार कागदावर आल्यानंतर चांगला अंमलदार मिळेपर्यंत मात्र काही वर्षे गेली. ऑस्ट्रेलियातील ग्रॅहम डम्पल्टन यांनी २००७ मध्ये मॉड-डब्ल्यूएसजीआय प्रसिद्ध केले. त्याच्या ‘डीमन’ पद्धतीत ॲप्लिकेशन अपाचीच्या बाहेर, स्वतंत्र प्रोसेसमध्ये आणि हवे तर स्वतंत्र वापरकर्त्याच्या अधिकारात चाले. एका विशिष्ट फाइलची तारीख बदलली की केवळ तेवढे ॲप्लिकेशन नव्याने सुरू होई, शेजाऱ्याला धक्का लागत नसे. २०१० मध्ये अपाची संस्थेने मॉड-पायथनचा प्रकल्प निवृत्त केला आणि जँगोच्या २०१३ मधील १.५ या आवृत्तीतून त्याचा आधारही काढून टाकण्यात आला.

द्वारपाल आणि कामगार

इगोर सिसोएव्ह या रशियन अभियंत्याने ऑक्टोबर २००४ मध्ये एन्जिन-एक्स हा सर्व्हर प्रसिद्ध केला होता. एकाच वेळी दहा हजार जोडण्या सांभाळण्याचा जो प्रश्न त्या काळी चर्चेत होता, त्याला हे उत्तर होते. २०१० मध्ये बन्वा शेनो यांनी रुबी भाषेतील युनिकॉर्नच्या धर्तीवर गनिकॉर्न रचला आणि या दोहोंची जोडी पुढे सर्वत्र रूढ झाली.

या जोडीमागील तर्क समजून घेण्याजोगा आहे. पायथनच्या रूढ इंटरप्रिटरमध्ये एका क्षणी एकाच थ्रेडला पायथनची आज्ञा बजावता येते, म्हणून अनेक गाभ्यांचा लाभ घेण्यासाठी अनेक प्रोसेस चालवाव्या लागतात. गनिकॉर्नमध्ये एक मुख्य प्रोसेस अशा कामगार प्रोसेस जन्माला घालते. त्यांची संख्या गाभ्यांच्या दुपटीहून एक अधिक ठेवून आरंभ करावा, असे त्याच्या मार्गदर्शिकेत सुचविले आहे. चार गाभ्यांच्या यंत्रावर असे नऊच कामगार होतात. मंद जोडणीवरील एखाद्या वाचकाला उत्तर पोहोचविण्यात एक कामगार अर्धा मिनिट अडकला, तर नवांपैकी एक जागा तेवढा काळ निरुपयोगी झाली. असे नऊ वाचक एकत्र आले की संकेतस्थळ ठप्प. एन्जिन-एक्स समोर असेल तर ते उत्तर तो स्वतःकडे साठवून घेतो, कामगार लगेच मोकळा होतो आणि मंद वाचकाला संथपणे वाढण्याचे काम स्वस्तातल्या द्वारपालाकडे जाते. चित्रे व शैलीपत्रकेही तोच परस्पर देतो.

डेव्हलपमेंट सर्व्हरवर चालणारे ॲप्लिकेशन जसेच्या तसे लोकांपुढे ठेवू नये, असा इशारा जँगोच्या मार्गदर्शिकेत जे आवर्जून दिला आहे, त्यामागे हेच गणित आहे. सुरक्षिततेचा मुद्दा तर याहून गंभीर. दोष शोधण्यासाठीची ‘डीबग’ अवस्था सुरू राहिली तर त्रुटीच्या पानावर आतील रचना उघडी पडते आणि काही साधनांत ब्राउझरमधूनच सर्व्हरवर पायथनच्या आज्ञा चालविता येतात. २०१५ मध्ये पॅट्रिऑन या संकेतस्थळावरील माहितीची चोरी झाली, तेव्हा सार्वजनिक जाळ्यावर दिसू शकणाऱ्या डीबग आवृत्तीतून हा प्रवेश झाल्याचे कंपनीनेच जाहीर केले होते. चूक आज्ञावलीच्या तर्कात नव्हती, मांडणीतील एका ओळीत होती. परीक्षेत ही ओळ कोणी विचारीत नाही.

परावलंबनाचा प्रश्न

आज्ञावली एकटी सर्व्हरवर जात नाही, ती ज्या लायब्ररींवर विसंबून असते त्याही न्याव्या लागतात. इयन बिकिंग यांनी २००७ मध्ये व्हर्च्युअलएन्व्ह आणि २००८ मध्ये पिप ही साधने दिली. प्रत्येक ॲप्लिकेशनचा स्वतंत्र संसार थाटणे त्यामुळे शक्य झाले. २०१२ च्या पायथन ३.३ मध्ये ही सोय भाषेतच आली. तरीही ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररी बाहेरच राहिल्या. त्यांसह सारे एकाच पेटीत बांधण्याची कल्पना मार्च २०१३ मध्ये सॅन्टा क्लारा येथील पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी अवघ्या पाच मिनिटांच्या भाषणात दाखविली. हेच डॉकरचे पहिले जाहीर दर्शन होय. ते पायथनच्या व्यासपीठावर घडले, हे वरील इतिहास पाहता सयुक्तिकच वाटते.

गुप्त संकेतशब्द व डेटाबेसचा पत्ता आज्ञावलीत न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवावा, हा दंडक हेरोकू कंपनीत काम करणाऱ्या ॲडम विगिन्स यांच्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ या २०११ मधील मांडणीने लोकप्रिय केला. सीजीआयने विनंती पोहोचविण्यासाठी वापरलेले साधन अशा रीतीने वेगळ्याच कामासाठी परत आले.

करारातील दुरुस्त्या

डब्ल्यूएसजीआयलाही दुरुस्त्या लागल्या. पायथन ३ मध्ये अक्षरे व बाइट यांची काटेकोर फारकत झाल्याने सप्टेंबर २०१० मध्ये पेप-३३३३ हा सुधारित मसुदा आला. सतत उघड्या राहणाऱ्या वेबसॉकेट जोडण्या ‘एक विनंती, एक उत्तर’ या चौकटीत बसेनात, तेव्हा अँड्र्यू गॉडविन यांच्या पुढाकाराने एएसजीआय हा असिंक्रोनस संकेत तयार झाला. डिसेंबर २०१९ मधील जँगो ३.० ने त्याला आधार दिला. मात्र एएसजीआयने डब्ल्यूएसजीआयला हटविलेले नाही. जेथे वाचक पान मागतो आणि पान मिळते, अशा असंख्य ठिकाणी जुनाच करार पुरेसा आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथन ३.१३ मधून सीजीआयचे मॉड्यूल प्रमाण संग्रहातून वगळण्यात आले. गनिकॉर्नचा कामगार ॲप्लिकेशनच्या हाती जो कोश देतो, त्यात ‘रिक्वेस्ट मेथड’ व ‘क्वेरी स्ट्रिंग’ ही १९९३ मधील नावे मात्र तशीच आहेत.