लठ्ठपणा, उच्च रक्तदाब आणि दुसऱ्या प्रकारचा मधुमेह

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात शरीरातील पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत आणि स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन हळूहळू अपुरे पडते. लठ्ठपणा हे या विकाराचे एक प्रमुख कारण असून उच्च रक्तदाब अनेकदा त्याच्या जोडीने आढळतो.

लठ्ठपणा

पोटातील अवयवांभोवती साठलेल्या चरबीतून मेदाम्ले रक्तात मिसळतात. त्यामुळे यकृत व स्नायूंवरील इन्सुलिनचा प्रभाव घटतो; यालाच इन्सुलिन-रोध म्हणतात. भारतीयांमध्ये वजन बेताचे असूनही चरबी अधिक असू शकते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, म्हणजे २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के आढळली. ही तुलना २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. भारतीयांच्या बाबतीत वजनाबरोबरच कमरेचा घेरही पाहिला जातो. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर जोखमीचा मानतात.

उच्च रक्तदाब

उच्च रक्तदाब असणाऱ्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता अधिक असते. लठ्ठपणा व इन्सुलिन-रोध ही दोन्ही विकारांची समान मुळे होत. दोन्ही विकार एकत्र असल्यास हृदय, मूत्रपिंडे व डोळे यांना होणारी हानी वाढते.

प्रतिबंध

अमेरिकेतील 'डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम' या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींना ७ टक्के वजनघट व आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे उद्दिष्ट दिले होते. २००२ मधील निष्कर्षांनुसार त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले.