साथीची खबर आणि जगाचे नियम

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि कॉलऱ्याची साथ पूर्वीपेक्षा लवकर देशोदेशी पोहोचू लागली. प्रत्येक बंदराचे क्वारंटीनचे नियम निराळे होते. एका बंदराने मोकळे सोडलेले जहाज दुसऱ्या बंदरात आठवडेच्या आठवडे अडकून पडे आणि व्यापार बुडे. यावर तोडगा काढण्यासाठी २३ जुलै १८५१ रोजी पॅरिसमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. बारा राज्यांनी प्रत्येकी एक डॉक्टर आणि एक मुत्सद्दी पाठवला. पण रोग कशाने पसरतो यावरच एकमत नव्हते. पहिला प्रभावी करार झाला तो १८९२ मध्ये, व्हेनिसच्या सातव्या परिषदेत. तोही सुएझ कालव्यातून जाणारी जहाजे आणि कॉलरा यांपुरता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. युरोपात धास्ती पसरली. १८९७ मध्ये व्हेनिसलाच प्लेगसाठी स्वतंत्र परिषद झाली आणि प्लेगची खबर इतर देशांना देण्याचे बंधन ठरले. त्याच वर्षी मुंबईहून निघणारी हजयात्रा बंद ठेवण्यात आली. खबर देणाऱ्या देशाला तिची किंमतही मोजावी लागते, ही अडचण तेव्हापासूनची आहे.

१९०७ मध्ये पॅरिसला कायम कार्यालय स्थापन करण्याचा करार झाला. पुढे राष्ट्रसंघाने जिनिव्हात वेगळी आरोग्य संघटना उभारली. ही दुहेरी व्यवस्था संपवून ७ एप्रिल १९४८ रोजी जागतिक आरोग्य संघटना अस्तित्वात आली. १९५१ च्या तिच्या नियमांत सहा रोग होते. देवीचे निर्मूलन झाल्यावर १९८१ मध्ये कॉलरा, प्लेग आणि पीतज्वर एवढे तीनच उरले. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी येताच अनेक देशांनी भारताची विमानवाहतूक थांबवली आणि निर्यातीला फटका बसला. अशा अनुभवांमुळे देश खबर दडवू लागतात.

२००३ मध्ये सार्सची माहिती चीनकडून उशिरा आली. मग २००५ मध्ये नियम मुळापासून बदलले: रोगांच्या यादीऐवजी कोणतेही गंभीर आरोग्यसंकट कक्षेत आले आणि सरकारी खबरीखेरीज इतर स्रोतांची दखल घेण्याचा अधिकार संघटनेला मिळाला. मात्र सदस्य देशात पथक धाडण्यासाठी आजही त्या देशाची संमती लागते. कोविडमध्ये ही मर्यादा उघड झाली.

मे २०२५ मध्ये महासाथ करार मंजूर झाला. रोगजंतूंचे नमुने देणाऱ्या देशांना लस व औषधांत वाटा कसा मिळावा, हा भाग मात्र पुढील वाटाघाटींसाठी ठेवण्यात आला. १८५१ पासूनचा इतिहास पाहता सुधारणेची खरी कसोटी इथेच आहे. वेळेवर खरे सांगणाऱ्या देशाला शिक्षा न होता मदत मिळाली, तरच हे नियम पाळले जातील.