ओळीच्या टोकाशी आलेला शब्द



ओळ संपत आली आणि शब्द मावला नाही, तर तो कोठे तोडावा? प्रश्न लहान दिसतो. परंतु आपल्या गावाच्या नावापाशीच तो अडतो. उच्चारात आपण ‘पां-ढुर्-णा’ असे म्हणतो. लिहिताना मात्र त्या ‘र्’चा रफार ‘णा’च्या डोक्यावर चढतो. म्हणून ‘पांढु-’ वरच्या ओळीत राहील आणि ‘र्णा’ खाली येईल. देवनागरीत शब्द तुटतो तो लिहिलेल्या अक्षरांच्या सीमेवर. कान काय सांगतो याची लिपी पर्वा करीत नाही.

जुन्या पोथ्यांत शब्दांमध्ये जागा सोडण्याची चाल नव्हती. ओळ भरली की लेखक पुढचे अक्षर खाली घेई; संयोगचिन्हाची गरजच नव्हती. पुढे मुद्रण आले. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथे छापले गेले, त्यात देवनागरी खिळे वापरले होते. छापखाने वाढले तसे शब्द कोठे तोडावा, हे जुळाऱ्याचा सराव ठरवू लागला.

हे काम यंत्राकडे आले तेव्हा युरोपातही अडचण उभी राहिली. डोनाल्ड नुथ यांनी १९७८ च्या सुमारास ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली सिद्ध केली. त्यांचे विद्यार्थी फ्रँक लियांग यांनी १९८३ च्या प्रबंधात शब्द तोडण्याची सुबोध रीत मांडली: अक्षरांच्या मधल्या जागांना अंक द्यावेत, विषम अंक म्हणजे मुभा, सम अंक म्हणजे मनाई. इंग्रजीचे काम भागले. परंतु फ्रेंचसारख्या भाषांत अक्षरावर स्वरचिन्ह असते. ते वेगळे आणून अक्षरावर बसविले, की यंत्राच्या दृष्टीने तेथे शब्दाची सलगता भंगे आणि पुढच्या भागात तो तोडता येत नसे. १९९० साली आयर्लंडमधील कॉर्क येथे २५६ घरांची अक्षरसूची ठरली. तीत चिन्हांकित अक्षरांना स्वतःचे घर मिळाले आणि अडचण सुटली.

देवनागरीत हा उपाय पुरता ना. काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांचे संयोग मोजावे तितके थोडेच. १९९१ च्या युनिकोडने म्हणून स्वरचिन्हे व हलन्त यांना स्वतंत्र स्थाने दिली. पुढे संतोष तोट्टिंगल यांनी भारतीय भाषांसाठी तोडणीचे नियम रचले. त्यांचे सार असे: व्यंजनापूर्वी तोडण्यास हरकत नाही; परंतु अनुस्वारापूर्वी आणि हलन्ताच्या दोन्ही बाजूंस तोडू नये. त्यामुळे ‘सौंसर’मधला अनुस्वार ‘सौ’पासून सुटत नाही आणि ‘र्णा’ अखंड राहतो.

आता आपल्या प्रांताकडे वळतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला. पांढुर्णा व सौंसर मध्यप्रदेशात राहिले. २०२३ साली याच दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. येथे राज्यकारभाराची भाषा हिंदी. लिपी एकच, मग मराठीसाठी निराळी व्यवस्था कशाला, असा समज सहज होतो. तो बरोबर नाही. प्रमाण हिंदी लेखनाला ‘ळ’ लागत नाही आणि ‘ऱ्य’ही लागत नाही. मराठीत मात्र ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ वंदन करावयाचे असते, ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाक सांगावयाचा असतो. शेजारच्या वऱ्हाडाचे नावही या आडव्या ‘र’वाचून शुद्ध लिहिता येत नाही.

यंत्राला मराठी आणि हिंदी यांतला भेद आपोआप कळत नाही. सांगितलेला नियम तेवढा ते पाळते. तो सांगण्यास भाषा जाणणारा माणूस लागतो. सीमेवरच्या मराठी मुलांना दोन्ही भाषा अवगत असतात. हा भेद त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला सहज दिसणार? म्हणून माझी विनंती एवढीच, की शाळेची पत्रिका छापून आली म्हणजे ओळींची टोके एकदा तपासून पाहावीत. चूक आढळल्यास ती दुरुस्त करून घ्यावी आणि तिचे कारणही विद्यार्थ्यांना सांगावे.