मोटारीच्या ब्रेक डिस्कची निगा

अकोला-अमरावतीच्या बहुतांशी सपाट रस्त्यावर न जाणवणारा ब्रेकचा दोष चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना उघड होतो. सुमारे १,१०० मीटर उंचीवरील या गावाच्या घाटात ब्रेकची खरी कसोटी लागते. बहुतेक छोट्या मोटारींच्या पुढील चाकांना डिस्क, तर मागील चाकांना ड्रम ब्रेक असतात.

बिडाची डिस्क पॅडच्या घर्षणाने झिजते. ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरणे, घासल्याचा आवाज येणे किंवा डिस्कवर खोल चरे दिसणे ही झिजेची लक्षणे होत. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजता ती त्याहून कमी भरल्यास डिस्क लेथवर न घासता बदलावी; पातळ डिस्क लवकर तापते व तडकू शकते.

पुढील दोन्ही डिस्क एकाच वेळी बदलाव्यात, पॅडही नवे घालावेत. हबवरील गंज काढावा आणि नव्या डिस्कवरील संरक्षक तेल पुसावे.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ‘डॉट ३’ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत घसरू शकतो. म्हणून ते साधारणतः दोन वर्षांनी बदलावे. उतारावर खालचा गिअर ठेवावा. केवळ ब्रेकवर विसंबणे जिवावर बेतू शकते.