इंग्लंडमधील पॅरिश परिषदा आणि त्यांचा राष्ट्रीय संघ : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

स्थानिक स्वराज्याच्या इतिहासात प्रत्यक्ष कारभार करणाऱ्या संस्थांचा अभ्यास विपुल प्रमाणात झालेला आहे. या संस्थांनी आपल्या हितरक्षणासाठी उभारलेल्या संघांकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. इंग्लंडमधील पॅरिश परिषदांचा १९४७ साली स्थापन झालेला राष्ट्रीय संघ या दृष्टीने उद्बोधक आहे. या संघाला कर बसविण्याचा, आदेश काढण्याचा किंवा सदस्य परिषदेवर कारवाई करण्याचा अधिकार नाही. त्याचे सदस्यत्व ऐच्छिक आहे. असे असूनही, १९७४ च्या पुनर्रचनेत अनेक बलाढ्य संस्था आणि त्यांचे संघ लयास गेले, तेव्हा सर्वांत दुर्बल गणला गेलेला हा स्तर आणि त्याचा संघ टिकून राहिले. या घटनेची कारणमीमांसा प्रस्तुत लेखात केली आहे.

पार्श्वभूमी

पॅरिश हा मुळात चर्चच्या व्यवस्थेतील सर्वांत लहान प्रादेशिक घटक होय. व्हेस्ट्री नावाची त्याची सभा चर्चच्या कामांबरोबरच गावचा कारभारही पाहत असे. १६०१ च्या गरीब कायद्याने निर्धनांच्या पोषणाची जबाबदारी पॅरिशवर टाकली. १८३४ च्या दुरुस्तीने ती अनेक पॅरिशांच्या मिळून बनलेल्या संयुक्त मंडळांकडे गेली. परिणामी एकोणिसाव्या शतकात व्हेस्ट्रीचे महत्त्व ओसरत गेले.

१८९४ च्या स्थानिक शासन अधिनियमाने या घटकाला नवे स्वरूप दिले. धार्मिक व नागरी कार्ये विभक्त झाली. तीनशे किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या ग्रामीण पॅरिशमध्ये निर्वाचित परिषद, तर त्याहून लहान ठिकाणी सर्वसाधारणपणे मतदारांची सभा अशी योजना करण्यात आली. विवाहित स्त्रियांनाही मतदानाचा व निवडणूक लढविण्याचा हक्क मिळाला, ही त्या काळातील लक्षणीय बाब होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पहिल्या निवडणुका झाल्या.

अधिकार मात्र अत्यंत तुटपुंजे होते. मतदारसभेच्या संमतीविना पौंडामागे तीन पेन्सपेक्षा अधिक कराचा भार टाकता येत नसे. संमती मिळाली तरी कमाल मर्यादा सहा पेन्सची होती. दफनभूमी, क्रीडांगण, पाऊलवाटा, दिवाबत्ती अशा कामांपुरते या परिषदांचे क्षेत्र सीमित राहिले. शिवाय प्रत्येक परिषद एकाकी होती. कायद्याचा अर्थ लावण्यासाठी वकील नेमणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते आणि लंडनमधील मंत्रालयात तिची दखल घेणारे कोणी नव्हते.

संघाची स्थापना व कार्यपद्धती

मोठ्या संस्थांनी ही उणीव फार पूर्वीच भरून काढली होती. नगर महापालिकांचा संघ १८७३ मध्ये, तर काउंटी परिषदांचा संघ १८९० मध्ये अस्तित्वात आला होता. पॅरिश परिषदांचा राष्ट्रीय संघ स्थापन होण्यास मात्र १९४७ साल उजाडावे लागले. तत्पूर्वी काही काउंट्यांमध्ये स्थानिक संघ तयार झाले होते. त्यांना एकत्र आणण्यास राष्ट्रीय समाजसेवा परिषदेचे साहाय्य लाभले. नियोजनाचे अधिकार काउंटी पातळीवर एकवटणारा नगर व ग्राम नियोजन अधिनियम त्याच वर्षी संमत झाला, हा योगायोग सूचक म्हणावा लागेल. निर्णयकेंद्र गावापासून दूर जात असताना गावांच्या वतीने बोलणारी संस्था उभी राहत होती.

संघाची रचना संघराज्यात्मक होती. परिषद आपल्या काउंटी संघाची सदस्य होई आणि त्यामार्फत राष्ट्रीय संघाशी जोडली जाई. यामुळे वर्गणीचा भार विभागला गेला आणि सल्ला स्थानिक पातळीवर उपलब्ध झाला. १९५३ ते १९७८ या काळात बॅरिस्टर चार्ल्स अर्नोल्ड-बेकर हे संघाचे सचिव होते. स्थानिक परिषदांच्या कारभारावरील त्यांचा कायदेविषयक ग्रंथ चिटणिसांच्या नित्य वापरातला झाला. बाकावर खर्च करता येईल काय, सभेची सूचना किती दिवस आधी द्यावी, यांसारखे प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतात. परंतु चुकीच्या उत्तरामुळे खर्च बेकायदेशीर ठरण्याचा धोका असे. कायद्याचे ज्ञान सामायिक करणे हेच संघाचे खरे भांडवल ठरले.

पुनर्रचनेची कसोटी

१९६६ मध्ये नेमलेल्या रेडक्लिफ-मॉड आयोगाने १९६९ मध्ये अहवाल सादर केला. लंडनबाहेरील इंग्लंडसाठी ५८ एकात्म प्राधिकरणे आणि तीन महानगर क्षेत्रे त्याने सुचविली. मोठे क्षेत्र म्हणजे कार्यक्षम प्रशासन, हे त्यामागील सूत्र होते. तथापि याच आयोगाने तळाशी ‘स्थानिक परिषदा’ असाव्यात, त्यांनी लोकमताचे प्रतिनिधित्व करावे, असेही म्हटले. १९७० मध्ये सत्तांतर झाले आणि एकात्म प्राधिकरणांची योजना बाजूला पडली. १९७२ च्या अधिनियमाने काउंटी व जिल्हा ही द्विस्तरीय रचना स्वीकारली.

हा अधिनियम १ एप्रिल १९७४ रोजी अमलात आला. जुने बरो, नागरी जिल्हे व ग्रामीण जिल्हे संपुष्टात आले आणि त्यांच्या संघांची जागा नव्या संघांनी घेतली. पॅरिश परिषदा मात्र कायम राहिल्या. इतकेच नव्हे, तर विसर्जित झालेल्या अनेक लहान शहरांना पॅरिशचाच दर्जा देऊन त्यांची परंपरा जपण्यात आली. अशा परिषदेला ठरावाद्वारे ‘नगर परिषद’ म्हणवून घेण्याची मुभा मिळाली. नियोजनविषयक अर्जांची माहिती मागण्याचा हक्कही मिळाला. वेल्समध्ये पॅरिशांच्या जागी ‘कम्युनिटी’ आल्या. या बदलास अनुसरून संघाचे नाव ‘स्थानिक परिषदांचा राष्ट्रीय संघ’ असे झाले.

हे यश केवळ संघाचे होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पॅरिश परिषदा अल्पखर्ची होत्या आणि त्यांच्यामुळे कोणत्याही मोठ्या संस्थेच्या सत्तेला बाधा येत नव्हती. परंतु निरुपद्रवी असणे हे टिकण्यास पुरेसे कारण नसते. विस्मरणात गेलेली संस्था एखाद्या कलमानेही रद्द होऊ शकते. संघामुळे हे विस्मरण घडले नाही.

मर्यादा

संघापुढील अडचणी त्याच्या रचनेतूनच उद्भवतात. काही शे मतदारांचे खेडे आणि लाखावर लोकसंख्येचे नॉर्थम्प्टन यांच्या परिषदा कायद्याने एकाच वर्गात मोडतात. त्यांचे हितसंबंध नेहमीच जुळतात असे नाही. दुसरे असे की, अनेक परिषदांच्या जागा बिनविरोध किंवा स्वीकृत सदस्य घेऊन भरल्या जातात. निवडणूक न झालेल्या परिषदेचा लोकप्रतिनिधित्वाचा दावा कितपत मान्य करावा, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

डिसेंबर २०२० मध्ये चेशायरमधील हँडफोर्थ पॅरिश परिषदेची दूरस्थ सभा कमालीची वादळी ठरली. तिचे चित्रण फेब्रुवारी २०२१ मध्ये जगभर पाहिले गेले. सभेस साहाय्य करणाऱ्या काउंटी संघाच्या अधिकाऱ्याच्या अधिकारालाच तेथे आव्हान देण्यात आले. या प्रसंगाकडे बहुतेकांनी करमणूक म्हणून पाहिले. अभ्यासकाच्या दृष्टीने त्यातून संघाचे मर्म प्रकट होते : तो सल्ला देऊ शकतो, आज्ञा करू शकत नाही.

निष्कर्ष

भारतात ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींना घटनात्मक स्थान दिले. त्यांचे अस्तित्व विधिमंडळाच्या साध्या बहुमतावर अवलंबून राहिले नाही. इंग्लंडमध्ये असे संरक्षण नाही; संसदेचा एक सामान्य कायदा संपूर्ण स्तर नाहीसा करू शकतो. म्हणूनच तेथे राष्ट्रीय संघाला प्रहरीची भूमिका पार पाडावी लागते. २००९ मध्ये विल्टशायरमधील आणि २०२१ मध्ये नॉर्थम्प्टनशायरमधील जिल्हे रद्द झाले, तेव्हा सॉल्झबरी व नॉर्थम्प्टन या शहरांचे स्वत्व पॅरिश स्तरावरील परिषदांनीच सांभाळले. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेने उर्वरित द्विस्तरीय रचनाही संपविण्याचा मनोदय जाहीर केला. १९७४ चा प्रश्न त्यामुळे पुन्हा उपस्थित झाला आहे. वरचे स्तर आकाराने जसजसे मोठे होतात, तसतशी तळाच्या परिषदेची गरज वाढते. पण ती गरज सत्ताकेंद्राच्या ध्यानात आणून देणारी संघटना नसेल, तर गरज असूनही संस्था नष्ट होते. अधिकारहीन संघाचे ऐतिहासिक मोल यातच सामावलेले आहे.